हंसाकाकीची टाकी हलणार नाही

डहाणू रोडच्या मासळी बाजारात आमच्या हंसाकाकीला ओळखत नाही असं माणूस नाही, आणि तिच्याशी भाव करून जिंकलेलंही नाही. ती ओरडत नाही. ओरडतात त्या नव्या. काकी पाटीमागे एक गुडघा वर करून बसते, आणि गिऱ्हाईक पापलेटाला बोट लावायला गेलं की हळूच म्हणते, "ताई, बोटानं काय कळतंय? डोळे बघा. त्याचे बघा, माझे नको."

वाटा लावण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. वाटा म्हणजे विकायला मांडलेली माशांची लहान रास. पाच बोंबील इकडे, पाच तिकडे, आणि दोन्ही वाटे असे सारखे की गिऱ्हाइकाला निवडायला काही उरतच नाही. तराजू तिला लागत नाही. नजर टाकते, एक मासा उचलून दुसऱ्या वाट्यात ठेवते, संपलं. बाजारातल्या बाया म्हणतात, हंसाच्या डोळ्यातच काटा आहे.

अशा बाईनं यंदा घरात मासे पाळायला आणले, तेव्हा आमची सगळी आळी आठवडाभर हसत होती.

"हंसा, मसाला कधी लावणार त्यांना?"

"तू कोंबड्या पाळतेस. त्यांना रोज मसाला लावतेस का?"

ती टाकी आली रेल्वे क्वार्टरमधल्या सुदर्शनसाहेबांकडून. साहेब सिग्नल खात्यात. बोलतातही तसेच, एक शब्द जाऊ देतात, थांबतात, पुढची लाइन मोकळी आहे का बघतात, मग दुसरा सोडतात. काकी दर रविवारी त्यांच्या दारात पाटी उतरवायची आणि आतल्या काचेच्या टाकीकडे बघत बसायची. दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. इंग्रजीत त्यांना क्लाऊनफिश म्हणतात. काकी म्हणायची, "सव्वीस वर्षं मी मासे बघते. पण मासा वळतो कसा, ते बघितलंच नव्हतं. माझ्याकडे येतो तोवर त्याचं वळून झालेलं असतं."

साहेबांची बदली झाली. ते दोन मासे त्यांनी मित्राला दिले आणि टाकी काकीला. दोन फूट लांब, आत छिद्रांचे दगड, मागे पाणी गाळायचं यंत्र.

"हंसाताई. दगड. सुकू देऊ नका. आणि पाणी. किनाऱ्यावरचं. भरू नका."

"का? दर्या माझ्या दारात आहे."

"गढूळ आहे. आणि पावसात. गोडं मिसळतं."

काकीला ते पटलं नाही. तिनं भरतीचं बादलीभर पाणी आणलं आणि पडवीत ठेवलं. सकाळी बादलीच्या तळाशी दोन बोटं चिखल. बोट बुडवून बघत ती म्हणाली, "ह्यात तर मी बोंबीलपण धुणार नाही." मग पाणी शुद्ध करायच्या प्लांटवरचं पाणी आणि समुद्री माशांचं पाकिटातलं मीठ, साहेबांनी शिकवलं तसं. खारटपणा मोजायची एक नळी असते, त्यातला काटा रेघेवर यावा लागतो. काकी आधी जिभेला लावून अंदाज सांगायची, मग नळी बघायची. चौथ्या दिवशी दोन्ही जुळायला लागले.

इथवर घरात कुणाला काही म्हणायचं नव्हतं, कारण टाकीत नुसतं पाणी होतं.

मासे आणायला काकी रिक्षा बदलत बदलत तलासरीकडे वेवजीला गेली. तिथे भाविक नावाच्या पोराचं रंगीत माशांचं दुकान आहे. हद्द तिथून जवळच, त्यामुळे भाविकचं वाक्य महाराष्ट्रात सुरू होतं आणि गुजरातमध्ये संपतं.

"मासी, एक मोटी घ्या, एक नानी घ्या. बेउ सरखी नको. झगडा करेल." मासी म्हणजे मावशी; एक मोठा, एक लहान घ्या, दोन्ही सारखे नको, असं त्याचं म्हणणं.

"किती वर्षं मासे विकतोस?"

"चार."

"मी सव्वीस."

"पण मासी, जिवंत? जिवंत केटली, किती विकली?"

काकीनं हे ऐकलंच नाही असं दाखवलं. कमरेवर हात ठेवून ती टाकीसमोर उभी राहिली. आत अकरा मासे होते. तिनं त्यातले दोन निवडले. लांबीला सारखे, पोटाला सारखे, पट्टेसुद्धा एकाच जागी वळलेले. भाविकनं मोजपट्टी लावून पाहिलं. केसाचा फरक नव्हता.

"बघ," काकी म्हणाली. "वाटा असा लावतात."

घरी आणल्यावर दोन दिवस ते टाकी हुंगत फिरले. तिसऱ्या दिवशी जेवताना काकीच्या नवऱ्यानं, नारूकाकानं, घास हातात धरूनच विचारलं, "हंसा, हे एकमेकांचं तोंड का खातायत?"

दोघांनी जबडे जबड्यात अडकवले होते आणि गरगर फिरत होते. सुटले की पुन्हा धरत. पाचव्या दिवशी एकाची शेपटी ओल्या कागदासारखी फाटली. तो वरच्या कोपऱ्यात, यंत्राच्या नळीमागे, तिरका होऊन लटकायला लागला. दाणे टाकले तरी खाली येईना. आला की दुसरा धावून जायचा.

नारूकाका तांडेल आहे, बोटीवर त्याचा शब्द चालतो. पण पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तांडेल घरी बसतो, आणि घरी बसलेला तांडेल म्हणजे वाळूवर ओढून ठेवलेली बोट. जागा अडवते, आणि येणारा जाणारा तिला टेकून बोलत बसतो. त्याला टेकून बोलणारी मुख्य म्हणजे जिजाआत्या, त्याची थोरली बहीण. आत्या राहते शेजारच्या घरात, पण तिचं बोलणं आमच्या घरात राहतं. बोंबील सुकवायच्या बांबूंपाशी कुणी कुठे उभं राहायचं हे तीच ठरवते. प्रत्येक वाक्य ती 'मी काय म्हणते'नं उघडते आणि 'मला काय करायचंय'नं बंद करते. मधे असतो तो हुकूम.

"मी काय म्हणते, मासेवालीच्या घरात मासे मारामारी करतात हे चांगलं दिसत नाही, मला काय करायचंय."

"मग बघू नको," काकी म्हणाली.

"मी काय म्हणते नारू, त्या जागी डीप फ्रीझर बसेल. बरोबर बसेल. तिथेच प्लगपण आहे. मासळी साठवली तर पडेल भावानं विकायला नको. मला काय करायचंय."

फ्रीझर नारूकाकाच्या डोक्यात दोन वर्षांपासून होताच. पुढच्या खोलीत भक्कम प्लग एकच, आणि त्यावर आता टाकी चालत होती. त्यानं मिशीवरून हात फिरवला. बोटीवर निकाल देताना तो असाच फिरवतो.

"हंसा, बंदी उठेपर्यंत तुझं चालू दे. तोवर दोन मासे भांडण न करता एका टाकीत राहिले, तर टाकी इथेच. नाही राहिले तर टाकी जाईल, फ्रीझर येईल. आक्काच्या समोर बोलतोय."

"राहिले तर कोणी पुन्हा बोलायचं नाही."

"नाही."

"जिजाबायनंपण."

आत्यानं पदर सारखा केला. "मी कधी बोलते?"

त्या दुपारी काकीनं भाविकला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण तिचे हात कोळंबी सोलत होते. त्यामुळे सगळ्या घरानं ऐकलं.

"मासी, मी तुमाला बोलला होता."

"बोलला होतास. आता काय करू ते बोल."

"जुओ, आ मासली बधी जन्मे ने, तो बधी नर. सगळे नर. पछी जे मोठी होते, राज करते, ती मादी थाय. बाकी नानी रहे, ते तिचा वर."

नारूकाका खाटेवर उठून बसला. "काय म्हणतो हा?"

काकी सोलता सोलता म्हणाली, "सगळे पुरुष जन्माला येतात. त्यातला जो अंगानं वाढतो आणि घर चालवतो, त्याची बाई होते."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यातला एक नवरा. तो लहानच राहतो."

"आयुष्यभर?"

"बाई आहे तोवर."

नारूकाका परत आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं. फोनमधून भाविक सांगत होता की सारखे दोन ठेवले की कोण मोठं ते ठरत नाही, आणि ठरेपर्यंत मारतात. एक परत आणा, अर्ध्या अंगाची लहान घेऊन जा, आणि एवढ्या टाकीत तिसरी तर कधीच टाकू नका, दोघं मिळून तिला मारतील.

आळीतल्या कुणी म्हटलं, तो फाटका फेकून दे, एवढ्याशा जिवासाठी कोण वेवजीला जातं. आत्या म्हणाली, दर्यात सोड, पुण्य मिळेल. काकीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा टाकीत जन्मलेला आहे. आपल्या चिखलात तासभर नाही टिकणार. मारायचाच तर तसं सांगून मारा, पुण्य कशाला मधे आणता?"

ती पिशवीत पाणी भरून, छत्री धरून, दोन रिक्षा बदलून गेली. भाविकनं पिशवी उजेडात धरली, फाटकी शेपटी पाहिली. हा पोरगा आता काय बोलतो म्हणून काकी तयारच होती. पण आधी तीच बोलली.

"माझी नजर चुकली नाही हां. सारखे ते सारखेच होते. अक्कल चुकली."

"शेपटी येल पाछी, मासी. वेगळी ठेवतो."

"येऊ दे. आता सगळ्यात बारकं दाखव."

सारखे वाटे लावण्यात जिचा जन्म गेला, ती बाई त्या दिवशी बेजोड जोडी शोधत होती. बोटाच्या पेराएवढा एक निवडला, घरातल्या मोठ्याच्या निम्मा. नेहमीच्या सवयीनं तिचा हात सारख्या माशाकडे जात होता, तो तिनं दोनदा मागे घेतला, असं भाविक नंतर सांगत होता.

त्याला एकदम टाकीत सोडला नाही. आधी आतले दगड उचलून सगळी मांडणी बदलली, म्हणजे मोठ्याला आपली जुनी जागा ओळखू येऊ नये. मग भाजी धुवायची छिद्रांची नवी टोपली आणली, साबण न लागलेली, ती काठाला बांधून पाण्यात लोंबकळवली, आणि बारका त्या टोपलीत. दोघं एकमेकांना बघत होते, पण लागत नव्हते. मोठा पहिले दोन दिवस टोपलीला डोकं आपटत होता. आत्या खिडकीतून मोजत होती. "बारा झाले. तेरा." चौथ्या दिवशी तिला मोजायला काही उरलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी काकीनं टाकीचा दिवा बंद केला, काचेवर जुनी साडी टाकली आणि टोपली सोडली.

साडी काढली तेव्हा बारका जिवंत होता. मोठा जवळ आला की मात्र तो एका कुशीवर कलायचा आणि सगळं अंग थरथरवायचा, ताप भरल्यासारखा. मोठा क्षणभर थांबायचा आणि निघून जायचा. एखादवेळी दोन वीत पाठलाग, बस. चावणं नाही. फाटणं नाही. पंधरवड्यात दोघं एकाच दगडाच्या बगलेत टेकायला लागले, मोठा आत, बारका बाहेर.

बंदी उठायला दोन दिवस होते आणि फ्रीझर आला. कुणी बोलावलं होतं ते सांगायची गरज नाही, कारण टेम्पोच्या पुढे आत्या चालत होती.

"मी काय म्हणते, बोली झाली होती."

"झाली होती," काकी म्हणाली. "बघा."

आत्या टाकीला नाक लावून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा, कारण आतापर्यंत ती खिडकीतूनच बघत होती. मागे नारूकाका. त्याच्या मागे टेम्पोवाला, त्याला फक्त उतरवायचं होतं. मोठा मासा दगडाकडून आला आणि बारका लगेच कलून थरथरला.

"हे बघ," आत्या म्हणाली. "हे बघ नारू. कसा कापतोय. त्याला धाक आहे. ह्याला सुखानं राहणं म्हणतात? मरेल भीतीनं. आजपर्यंत ऐकलं तुझ्या बायकोचं, आता फ्रीझर उतरव."

"चावला का?" काकीनं विचारलं.

"कापतोय ना."

"बोली भांडणाची होती. चावला का?"

नारूकाका वाकला. त्याला मासा कळतो, हे मान्य करावं लागेल. त्यानं बारक्याची शेपटी पाहिली, कल्ले पाहिले, पोट पाहिलं. "भरलाय अंगानं," तो म्हणाला. "खातोय."

"पण कापतोय," आत्या म्हणाली.

काकीनं हात पुसले. तिला राग आला की ती नारूकाकाला तांडेल म्हणते आणि अहोजाहो करते, तेव्हा आम्ही सगळे भिंतीला लागतो.

"तांडेल, तुम्हीपण ऐका. बाजारात नवी बाई येते तेव्हा गटाराच्या कडेला उभी राहते आणि म्हाताऱ्या जिवलीला विचारते, पाटी टेकवू? जिवली मान हलवते, मग ती टेकवते. मी विचारलंय. कापत विचारलंय. हा बारका तेच विचारतो. टेकवू का. ती मोठी म्हणते टेकव. झालं. माशाची रीत आहे ती, त्याला त्यात बरं वाटतं, रात्री तिच्याच बाजूला झोपतो."

"तेच तर मी म्हणते, धाक—"

"जिजाबाय, मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्यापुढे किती वर्षं कापत होते? बांबूच्या शेवटच्या टोकाला उभी करायचीस, उन्हात. चहा गाळताना माझा हात हलायचा. तेव्हा तू सगळ्या आळीत सांगत फिरायचीस, आमच्या घरात किती शांती आहे, भावजय शब्द बोलत नाही. तेव्हा ती शांती होती. आज ह्या माशाचं कापणं तुला दिसलं?"

आत्या टाकीपासून एक पाऊल मागे सरली.

काकी पुढे म्हणाली, आवाज बाजारातलाच, हळू. "त्याला कापणं जमतं, कारण तो मासा आहे. मी नाही. टाकी इथेच राहील. आणि तांडेल, टाकी हलली तर बोट परत येईल तेव्हा किनाऱ्यावर तुमची मासळी उचलायला मी येणार नाही. जिजाबाय विकेल. फ्रीझर आहे ना तिच्याकडे."

टेम्पोवाला म्हणाला, "दादा, उतरवू का नको? मला विवळवेढ्याला जायचंय अजून."

नारूकाकाचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातच खाली आला.

"शेजारच्या घरात घे," तो म्हणाला.

"माझ्या?" आत्या म्हणाली. "माझ्या घरात कुठे? पलंग हलवावा लागेल."

"बरोबर बसेल, आक्का. तुझ्याकडे प्लगपण आहे."

"अरे पण रात्रभर घरघर करेल ते."

"करेल," नारूकाका म्हणाला, आणि टेम्पोवाल्याला हात द्यायला बाहेर गेला.

आत्या दारात थांबली. मागे वळून म्हणाली, "तो चहाचा हात. मला वाटायचं तुला वाताचा त्रास आहे."

"वीस वर्षांची होते मी," काकी म्हणाली.

बाहेर नारूकाका ओरडत होता, उजवीकडे, उजवीकडे, पलंग आधी काढ. आत्या तिकडे धावली. काकीनं टाकीचं झाकण उघडलं. दिवसभरात थोडं पाणी वाफ होऊन उडालं होतं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची. तिनं तांब्या घेतला आणि काठावरच्या रेघेपर्यंत बारीक धारेनं पाणी ओतत राहिली. शेजारून पलंग सरकल्याचा, काहीतरी पडल्याचा आणि आत्याचा आवाज येत होता. काकीनं धार तुटू दिली नाही.